'देणे' आणि 'देणगी' : दातृत्व व समता यांच्या शब्दांविषयी

मराठीत 'देणे' हे क्रियापद आहे, तसेच ते नामही आहे. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ आपल्याजवळची वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करणे असा होतो. नाम म्हणून मात्र त्याचा अर्थ जवळजवळ उलट दिशेला जातो. 'तो माझे शंभर रुपये देणे लागतो' असे म्हटले की ते शंभर रुपये मुळात देणाऱ्याचे नव्हतेच, असे ठरते. 'देणेकरी' म्हणजे दाता नव्हे, ऋणको. धरणगावसारख्या कापसाच्या पेठेत, जिथे व्यवहार वहीवर चालत आला, तिथे हा भेद कोणाला समजावून सांगावा लागत नाही. त्याच धातूवरून झालेला 'देणगी' हा शब्द मात्र वहीच्या दुसऱ्या पानावरचा आहे. देणगीला देणाऱ्याची मर्जी लागते. देण्याला ती लागत नाही.

जन्मावरून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या खाली ठेवले गेले, त्यांच्यासाठी खर्च होणारा पैसा या दोहोंपैकी कोणत्या सदरात मांडावयाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात अस्पृश्यतेच्या संदर्भात उभा राहिला आणि अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या संदर्भात. दोन्हीकडची उत्तरे शब्दांच्या निवडीतून जितकी स्पष्ट दिसतात तितकी ती जमाखर्चातून दिसत नाहीत. प्रस्तुत लेखात त्या शब्दांचा मागोवा मुख्यतः खानदेश आणि त्याच्या आसपासच्या इतिहासातून घेतला आहे.

प्रथम 'दान' हा शब्द घ्यावा. दानाला पात्र लागते, संकल्प लागतो, उदक सोडावे लागते. आणि त्याचे फळ दात्याच्या पदरी पडते. घेणाऱ्याची गरज हा दानाच्या व्याख्येचा आवश्यक भाग नाही. धर्मशास्त्रात दान स्वीकारण्याचा अधिकार, म्हणजे प्रतिग्रह, हा ब्राह्मणाचा मानला गेला. दान अशा रीतीने वर जाते. खाली जाणाऱ्या देण्यासाठी भाषेने वेगळे शब्द राखून ठेवले आहेत. संस्कृत 'भिक्षा' आणि तिच्यापासून प्राकृतातून आलेली 'भीक' हे मुळात एकच शब्द. परंतु मराठीत भिक्षा बटूला किंवा संन्याशाला मिळते आणि भीक भिकाऱ्याला. तत्सम रूप प्रतिष्ठितासाठी व तद्भव रूप अप्रतिष्ठितासाठी, ही वाटणी मराठीत अन्यत्रही आढळते. पण इतकी निर्दय जोडी क्वचितच सापडेल.

'बलुते' या शब्दाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. बलुते हा गावकामगाराचा हक्क होता. महारांच्या परंपरेत तर बिदरच्या बादशहाकडून मिळालेल्या बावन्न हक्कांची आठवण सांगितली जाते. ज्याला हक्क म्हणत, तो प्रत्यक्षात दारोदार जाऊन, दुरून हाक घालून, वरून टाकलेल्या भाकरीच्या रूपाने वसूल करावा लागे. नाव हक्काचे आणि रीत भिकेची, असा हा व्यवहार होता. महार वतनाच्या विरोधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ पासून मुंबई विधिमंडळात आणि बाहेर जी मोहीम चालवली, तिच्या मुळाशी हेच होते: हक्क म्हणून मिळणारी भाकर जर माणसाला याचक बनवीत असेल, तर असा हक्क सोडलेलाच बरा. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये झाला.

वरून येणारे देणे नेहमी दयेतूनच येते असेही नाही. १८२५ मध्ये इंग्रज सरकारने खानदेशात भिल्लांची पलटण उभारली आणि तिचे मुख्य ठाणे धरणगाव हे ठेवले. लेफ्टनंट जेम्स औट्रम हा तिचा प्रमुख. पलटणीबरोबरच भिल्लांना स्थिर शेतीकडे वळविण्यासाठी पडीक जमिनी देण्यात आल्या आणि लागवडीसाठी तगाई वाटण्यात आली. 'तगाई' हा अरबी 'तकावी'पासून आलेला शब्द. त्याच्या मुळाशी 'बळ देणे' असा अर्थ आहे. परंतु धरणगावच्या या व्यवहारात बळ कोणाचे वाढावयाचे होते, याविषयी संशयाला जागा नाही. डोंगर सोडून खाली यावे, लूट सोडावी, आणि जे खाली येणार नाहीत त्यांच्यावर आपल्याच भाऊबंदांनी पहारा ठेवावा, हा त्या देण्याचा करार होता. हे धोरण निव्वळ दंडुक्याच्या धोरणापेक्षा शहाणपणाचे होते, हे मान्य केले पाहिजे. तरीही घेणाऱ्याला त्याच्या अटी ठरविण्यात वाटा नव्हता, आणि सातपुड्यातील जंगलावर भिल्लांचा जो दावा होता, तो तगाईच्या रकमेत कोठेच धरलेला नव्हता.

समतेच्या दिशेने जाणारे दातृत्व महाराष्ट्रात ज्या रूपाने प्रथम दृढ झाले ते रूप म्हणजे वसतिगृह, लोकांच्या तोंडी 'बोर्डिंग'. हेच रूप का, याचे उत्तर 'वार लावणे' या वाक्प्रचारात आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभीही गरीब ब्राह्मण विद्यार्थी शहरात वार लावून जेवी: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोणी माधुकरी मागे. या पद्धतीला कोणी शिष्यवृत्ती म्हणत नसे, तथापि ती शिष्यवृत्तीच होती, आणि कित्येक विद्वान तिच्यावर घडले. ती पद्धत उंबरठ्यावर अवलंबून होती. ज्याला उंबरठाच ओलांडता येत नव्हता, त्या मुलाला शाळेचा दाखला मिळून उपयोग काय? खानदेशातल्या एखाद्या खेड्यातील महार किंवा मांग मुलगा इंग्रजी शिक्षणासाठी धुळ्यास वा जळगावास आला, तर त्याला खोली कोण देणार आणि पानावर कोण बसवणार, हा प्रश्न फीच्या आधीचा होता. म्हणून इमारत, स्वयंपाकघर आणि पाण्याची सोय या तीन गोष्टींनी या दातृत्वाचा पाया घातला. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०८ मध्ये निघालेले मिस क्लार्क वसतिगृह हे त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण होय.

या काळातील संस्थांची नावे लक्षपूर्वक वाचावीत. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापिले. त्याचे मराठी नाव 'निराश्रित साह्यकारी मंडळी' असे होते. शिंद्यांच्या कार्याची थोरवी वादातीत आहे. विचार केवळ नावाचा आहे. 'निराश्रित' हे विशेषण अभाव सांगते: आश्रय नाही. तो का नाही, कोणी काढून घेतला, हे त्या शब्दात येत नाही. आणि 'साह्य' हा त्या अभावावरचा सरळ उपाय ठरतो. १९२४ मध्ये आंबेडकरांनी जी सभा स्थापिली तिचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी'. 'बहिष्कृत' हे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित आहे. अशा रूपात कर्ता उच्चारला नाही तरी तो गृहीत असतो; बहिष्कृत म्हटले की बहिष्कार घालणारा कोणीतरी असलाच पाहिजे. पुढे रूढ झालेला 'दलित' हा शब्दही याच जातीचा. अभाव सांगणाऱ्या विशेषणाच्या जागी कृती सांगणारे धातुसाधित आले, हा बदल व्याकरणाचा आहे, आणि त्याबरोबर दात्याची जागाही बदलते. निराश्रिताला आश्रय देणारा उपकारकर्ता असतो. बहिष्कृताला आत घेणारा फार तर झालेली चूक दुरुस्त करीत असतो. या सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले आणि सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा ४० रुपये अनुदान दिले. रक्कम अल्प खरी. पण ती करातून आलेली होती. कोणा शेठजींच्या मर्जीतून नव्हे.

आंबेडकरांना स्वतःला मिळालेले सर्वांत प्रसिद्ध साहाय्य बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावयाची, अशी त्यात अट होती. या शिष्यवृत्तीला उपकार म्हणण्याची प्रथा आहे. कागदावर ती उभयपक्षी करार होती, आणि तिची प्रतिष्ठा त्यातच होती. परंतु १९१७ मध्ये तो करार पाळण्यासाठी आंबेडकर बडोद्यास आले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले, आणि तेथूनही हाकलले गेल्यावर नोकरी सोडावी लागली. एका माणसाला वर काढणारे दान पुरेसे मोठे होते. शहराच्या उंबरठ्यांवर त्याचा परिणाम झाला नव्हता.

याच प्रश्नाची दुसरी बाजू खानदेशात बारा वर्षांनी दिसली. मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली होती. तिचे सदस्य या नात्याने आंबेडकर १९२९ मध्ये खानदेशच्या दौऱ्यावर आले. धुळे मार्गावरील एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. तेथील अस्पृश्य मंडळींनी त्यांना एक रात्र आपल्याकडे राहण्याचा आग्रह केला होता. स्टेशनवर बराच वेळ थांबावे लागले, याचे कारण त्यांना नंतर कळले: महाराला टांग्यातून नेणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. अखेर तोड निघाली ती अशी की, टांगा भाड्याने मिळेल पण टांगेवाला येणार नाही. मंडळींपैकीच एकाने लगाम हाती घेतला. त्याने टांगा कधी हाकला नव्हता. वाटेत नदीवरच्या फरशीच्या पुलावर चाक अडकले. घोडा आणि टांगा पाण्यात गेले, आणि आंबेडकर दगडी फरसबंदीवर आपटले. पाय मोडून ते काही दिवस अंथरुणाला खिळले.

ही घटना त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवली आहे आणि ती सहसा अस्पृश्यतेच्या क्रौर्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. परंतु दातृत्वाचा विचार करणाऱ्याला तिच्यात आणखी काही दिसते. चाळीसगावच्या त्या मंडळींजवळ भाड्याचे पैसे होते. त्यांना मदत नको होती, पाहुणचार करावयाचा होता. पाहुणा वस्तीपर्यंत पायी आला तर त्यात त्याचा मान राहत नाही, असे त्यांना वाटले. ज्यांची गणना समितीच्या कागदांत साहाय्याचे अधिकारी म्हणून व्हावयाची, ते त्या संध्याकाळी यजमान होऊ पाहत होते. मराठीत 'यजमान' हा मुळात यज्ञ करणारा, दक्षिणा देणारा. त्यांना नाकारली गेली ती देणाऱ्याची जागा. घेणाऱ्याला आणखी काही देऊन ही उणीव भरून येत नाही.

१९३२ मध्ये, पुणे करारानंतर, हरिजन सेवक संघ स्थापन झाला. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष आणि ठक्करबाप्पा चिटणीस. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी जाताना आंबेडकरांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना एक दीर्घ पत्र लिहिले. त्याचा गाभा एका भेदात आहे. दैन्याचे कारण व्यक्तीच्या आचरणात आहे असे मानले, तर शाळा, वाचनालये, दारूबंदी, व्यायामशाळा यांवर खर्च करावा. कारण परिस्थितीत आहे असे मानले, तर विहिरी, शाळा, चावडी यांवरील समान हक्कासाठी आणि नोकरीतील समान संधीसाठी थेट झगडावे. संघाने दुसरा मार्ग धरावा, आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतून घ्यावेत, अशी त्यांची सूचना होती. पत्राची पोचही आली नाही, असे त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले. पुढे अस्पृश्यांच्या एका शिष्टमंडळाने संघाच्या कारभारात प्रतिनिधित्व मागितले, तेव्हा गांधीजींनी उत्तर दिले ते असे: हे स्पृश्य हिंदूंचे प्रायश्चित्त आहे आणि पैसाही त्यांनीच जमविला आहे, म्हणून संघ त्यांनीच चालवावा.

या उत्तरात प्रामाणिकपणा आहे आणि तर्कदोषही आहे. प्रायश्चित्ताची भाषा ही दयेच्या भाषेपेक्षा निश्चितच वरच्या पायरीची. तिच्यात अपराधाची कबुली आहे. परंतु प्रायश्चित्ताचे फळ, दानाच्या फळाप्रमाणेच, करणाऱ्याच्या पदरी पडते. जर हे खरोखर देणे असेल, तर फेड कशी व किती व्हावी याविषयी घेणेकऱ्याला बोलता आले पाहिजे. पेढीवर बसून देणेकऱ्याने एकट्यानेच हिशेब लिहावा आणि घेणेकऱ्याने बाहेर उभे राहावे, असा व्यवहार कोणत्याही बाजारात मान्य होणार नाही.

अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी पडते. आणि मराठी विचाराला ते परके नाही. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ मध्ये अमेरिकेतील निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. ('वर्ण' या शब्दाचा अर्थ रंग असाही आहे आणि चातुर्वर्ण्यातला वर्ण असाही, त्यामुळे 'वर्णभेद' हा मराठी शब्द दोन खंडांवर सारखाच लागू पडतो.) त्या देशातही स्वतःच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या संस्था प्रथम आल्या: फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी १७८७ मध्ये स्थापिलेली मुक्त आफ्रिकन मंडळी आपल्या सभासदांपैकी आजारी, विधवा व अनाथ यांना साहाय्य करी. धनिकांचे मोठे दान नंतरचे. शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने दक्षिणेतील खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधण्याचे काम १९१२ मध्ये आरंभिले. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत शाळा, कार्यशाळा आणि शिक्षकांची घरे मिळून ५,३५७ इमारती उभ्या राहिल्या. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लक्ष डॉलर झाला. त्यात रोझेनवाल्ड निधीचा वाटा सुमारे ४३ लक्ष, कृष्णवर्णीय ग्रामस्थांचा सुमारे ४७ लक्ष, आणि बहुतेक उरलेला करांतून. गावाने पैसा, जमीन, लाकूड वा श्रम यांच्या रूपाने आपला वाटा उचलावा, ही दात्याची अट होती.

दात्यापेक्षा गरिबांनीच अधिक दिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिचा गौरव स्वावलंबन म्हणून झाला. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी तिला दुहेरी कर म्हटले: शाळेसाठी कर या लोकांनी आधीच भरला होता, तो गोऱ्या मुलांच्या शाळांवर खर्च झाला, आणि स्वतःच्या मुलांसाठी त्यांना पुन्हा खिशात हात घालावा लागला. दोन्ही म्हणणी खरी आहेत. दुसऱ्या म्हणण्यामुळे मात्र हिशेब बदलतो. रोझेनवाल्डची रक्कम ही देणगी. कराची रक्कम हे राज्याचे देणे, आणि ते वेळेवर चुकते झाले असते तर देणगीची गरज पुष्कळ कमी झाली असती.

या दोन लढ्यांचे नाते आंबेडकरांना माहीत होते. जुलै १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या; ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस उत्तर पाठविले.

कायद्याच्या बाबतीत मात्र दोन देशांचे मार्ग वेगळे झाले. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने भारतीय संविधानाच्या कलम १५ मध्ये मागास वर्गांसाठी विशेष तरतुदीची मुभा स्पष्टपणे आली. १९६१ च्या आयकर अधिनियमाने एका विशिष्ट जातीच्याच हितासाठी असलेल्या धर्मादाय न्यासाची करसवलत नाकारली. पण अनुसूचित जाती, जमाती, मागास वर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठी असलेल्या न्यासाला हा नियम लावू नये, असे स्पष्टीकरणही त्याच कलमास जोडले. एका जातीसाठी काढलेले बोर्डिंग आणि बहिष्कृतांसाठी काढलेले बोर्डिंग बाहेरून सारखेच दिसते. कायद्याने तो फरक ओळखला. अमेरिकेत असे स्पष्टीकरण नाही. अटलांटाच्या फिअरलेस फंडाने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या उद्योगांसाठी वीस हजार डॉलरची अनुदाने ठेवली होती. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती रोखली, आणि आधार घेतला १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, जो मुक्त झालेल्या गुलामांच्या संरक्षणासाठी झाला होता. सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती अनुदान योजना बंद पडली.

महाराष्ट्रात आज या शब्दांची स्थिती काय आहे? २०१३ च्या कंपनी अधिनियमाने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्यास सांगितले. सामाजिक व आर्थिक दृष्ट्या मागास गटांची विषमता कमी करणे, हे त्या कार्यांच्या यादीत आहे. मराठीत त्यास 'सामाजिक दायित्व' म्हणतात. दायित्व म्हणजे जबाबदारी. हिशेबाच्या परिभाषेत तर तो देण्याचाच संस्कृत पर्याय. फलकावर मात्र बहुधा 'यांच्या सौजन्याने' असे लिहिलेले असते. सौजन्याने देणे चुकते होते, असे अन्य कोणत्या व्यवहारात कोणी म्हणत नाही.

दुसरीकडे 'वर्गणी' हा शब्द आहे, आणि अभ्यासकांनी त्याची जितकी दखल घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली नाही. वर्गणीत देणारा आणि घेणारा एकच गट असतो. आंबेडकर जयंती, वस्तीतील विहार, मुलांची अभ्यासिका ही खानदेशातील कोणत्याही गावी वर्गणीवर चालतात. शिकून नोकरीस लागलेल्यांनी आपल्या मिळकतीचा व वेळेचा वाटा समाजाला परत द्यावा, हा विचार १९७८ मध्ये औपचारिक रीत्या स्थापन झालेल्या बामसेफच्या वर्तुळात 'पे बॅक टू सोसायटी' या इंग्रजी शब्दांनी पसरला. त्याचे मराठी रूप 'समाजाचे देणे'. येथे 'समाज' म्हणजे आपली वस्ती, आपले लोक, ज्यांच्या वर्गणीवर व त्यागावर आपण शिकलो ते.

हेच शब्द आता कारखानदाराच्या सत्कारातही ऐकू येतात: 'मी समाजाचे देणे लागतो.' तेथे 'समाज' या शब्दाला सीमा नसते. तो सर्वांचा आणि म्हणून कोणाचाच नसतो. षष्ठी विभक्तीत घेणेकऱ्याचे नाव यावयाचे असते. पहिल्या वापरात ते आहे; दुसऱ्यात ते लिहावयाचे राहिले आहे.